सुकी गोदी, हिद्द

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय:
वाचकाला खालचा प्लॅटफॉर्म ठाऊक आहे
असं आम्ही धरून चालतो.
मी भुसावळचा.
मला प्लॅटफॉर्म एकच ठाऊक,
चार नंबरचा, जिथे बाबा हातोडीने चाकं वाजवत
डब्यांखाली वाकून फिरायचे.

रोनेल मनिलाला परत गेला
आणि जाताना गोदीच्या वेळापत्रकाचा प्रोग्राम
माझ्या गळ्यात टाकून गेला.
क्लोजर. खाली जावा आहे म्हणे.
जावा येत नाही रे मला.
चालेल, रोनेल म्हणाला,
पोहणाऱ्याला तळ कशाला लागतो?

म्हणून रात्री, मुहर्रकच्या खोलीत,
वरच्या बंकवर सुब्बय्या घोरत असताना
मी कंस उघडतो. कंसात कंस. त्यात आणखी एक.
शाळेत गणिताच्या बाई कंस म्हणाल्या
की मी फळ्यावर मथुरा शोधायचो.
आता मोजतो. सात मिटले.
आठवा कुठे निसटला, कुठल्या पुरातून,
कुणाच्या टोपलीत?

गोड आहे भाषा, खोटं का बोलू.
हिच्यात काही बदलत नाही.
यादीत एक जहाज घातलं
तर जुनी यादी तशीच राहते, नवी ती नवी.
माझ्या सीपीआर कार्डांसारखं:
ड्रॉवरमध्ये जुनी पाच,
प्रत्येकावर एकेक माणूस,
त्यातला कुणीच म्हातारा झालेला नाही.

पण एक कंस जास्त पडला
की आकड्यालाच फंक्शन समजून हाक जाते
आणि तळातून उसळतात सत्तर ओळी,
ज्यातली एकही मी लिहिलेली नाही.
सगळ्यात वर: क्लास कास्ट एक्सेप्शन.
मी मोठ्यांदा हसलो.
सुब्बय्याने कूस बदलून विचारलं, काय झालं?
म्हटलं, क्लास आणि कास्ट. इथेही.
झोप, म्हणाला.

अकरा वर्षांत माझी अरबी एवढीच:
यल्ला, खलास, बुकरा.
पंपघरातल्या बू सनदला
मी अकरा वर्षं बू सनदच म्हणतोय,
आणि डोक्यात आपली सनद,
इनामाची, शिक्का मारलेली, पेटीत जपलेली.
परवा विचारलं. म्हणाला, थोरल्या मुलाचं नाव.
आणि अर्थ?
तो भिंतीला टेकला,
पाठ पूर्ण सोडून दिली,
आणि बोटाने भिंत दाखवली.

त्याच रात्री त्याने गोदीतलं पाणी उपसलं.
इतकी वर्षं मी जहाजं कागदावर हलवली,
लांबी, रुंदी, कधी आत, कधी बाहेर.
खाली उतरलो ते पहिल्यांदाच.
पोट.
शेवाळ, खवल्यांसारखे चिकटलेले शिंपले,
गंजाचा वास, अजून ठिबकणारं मीठ,
आणि एवढं सगळं पाठीवर तोलून
ओळीने मांडलेले ठोकळे,
ज्यांचं नाव माझ्या एकाही रकान्यात नाही.

बू सनदचा आजा मोत्यांसाठी बुडी मारायचा.
तहान लागली की पखाल घेऊन
खाऱ्या समुद्रात खालीच जायचा.
तळाशी गोडे झरे होते, बू सनद म्हणाला.
मी विचारलं, आता?
त्याने खांदे उडवले
आणि प्लास्टिकची बाटली माझ्यापुढे केली.

खोलीवर आलो. तो कंस काढला.
चाललं.
का चाललं ते विचारू नका.
सत्तर ओळी मात्र पुसल्या नाहीत,
ऑफिसच्या प्रिंटरवर चोरून छापून आणल्यात,
आणि पहिल्या अनोळखी शब्दावर
पेन्सिलीचं टोक वाजवत
वाकून बसलोय.